फळीवरचा गिलास

आमच्या साखर कारखान्यात आता चहाचं यंत्र बसवलंय. बटण दाबलं की ते आधी घरघरतं, मग खोकतं आणि कागदी कपात तपकिरी रंगाचं काहीतरी ओकतं. रात्रपाळीची मंडळी जसा वेळ मिळेल तसा एकेक कप घेतात, मोबाइलकडे बघत पितात आणि कप चुरगळून कुठंतरी भिरकावतात. कोण प्यालं, कोण राहिलं, याचं कुणाला सोयरसुतक नाही. परवा मी त्या यंत्रासमोर तोंड वाकडं करून उभा होतो, तर एक जण म्हणाला, "साहेब, च्या बरा न्हाय का?" मी म्हटलं, "चहाला काय धाड भरलीय!" राग आला होता हे खरं, पण तो चहाचा नव्हता. कागदी कपावर माणसाचं नाव नसतं, त्याचा होता. किसनतात्या असते तर त्यांनी ते यंत्र हातोड्यानं चेचलं असतं आणि उरलेला राग बसवणाऱ्यावर काढला असता.

तात्या रात्रपाळीला मिलचे, म्हणजे ऊस गाळणाऱ्या यंत्राचे, मेस्त्री होते. कारखाना बारामती आणि इंदापूरच्या मधला, नाव कशाला सांगू. मी तिथं प्रयोगशाळेत केमिस्ट. बारामतीत शिकलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा, आणि पहिल्या हंगामात स्वतःला फार शहाणा समजणारा. मिलमधून रसाचे नमुने आणायचे आणि तपासायचे, एवढंच माझं काम. पण त्या निमित्तानं रोज रात्री तात्यांच्या राज्यात जावं लागायचं, आणि तिथं जाणं मी जमेल तेवढं लांबवायचो.

कारण तात्यांचा हात सुटायचा. त्यांच्या तोंडाआधी हात चालायचा म्हटलं तरी चालेल. बुटके, रुंद, मानेऐवजी थेट खांदेच असलेले. डाव्या कानाची पाळी अर्धी तुटलेली. ती कुणी तोडली हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एखाद्यानं वंगण घालायला उशीर केला की पाठीत गुद्दा. जागेवर डुलकी घेतली की कानाखाली. एकदा ऊसगाड्यांच्या अड्ड्यावर एका ट्रॅक्टरवाल्यानं कर्ण्यावर गाणी एवढ्या मोठ्यानं लावली की मिलमधली हाक ऐकू येईना. तात्या गेले, त्याला गचांडी धरून सीटवरून खाली ओढलं, चार ठेवून दिल्या आणि कर्ण्याची वायर दातानं तोडली. त्यानंतर त्याच माणसाला हाताला धरून वर आणलं आणि चहा पाजला. तो बिचारा नाकातलं रक्त पुसत चहा पीत होता आणि तात्या त्याला विचारत होते, "आलं जास्त झालं का रं?"

मी हसून सांगतोय, पण तेव्हा मला हसू येत नसे. मला त्या माणसाची भीती वाटे आणि किळसही येई. मारणाऱ्या माणसाचं कौतुक करण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. "तापट आहे, पण मनाचा मोठा" असं म्हणायचं आणि सोडून द्यायचं. ज्यानं मार खाल्ला त्याला कुणी विचारत नाही.

मात्र चहा! तसा चहा मी पुन्हा कधी प्यालो नाही. मिलच्या वर एक लोखंडी मचाण होतं, अरुंद जिन्यानं चढून जायचं. तिथं वाफेच्या पाइपाला तात्यांनी एक छोटा कॉक काढून घेतला होता. पातेल्यात पाणी, आलं, चहापत्ती घालायची, पाइपाचं तोंड आत बुडवायचं आणि कॉक फिरवायचा. मग असा काही आवाज व्हायचा की पहिल्या दिवशी मी दोन पावलं मागं सरलो. पातेलं जागच्या जागी उड्या मारायचं, पाणी किंचाळायचं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उकळी. दूध तात्यांच्या घरच्या म्हशीचं, पळसदेवहून सायकलच्या हँडलला कॅन अडकवून आणलेलं. साखर कारखान्याचीच, ऊन ऊन. थंडीच्या रात्री तो गिलास दोन्ही हातांत धरला की नखांपर्यंत जीव परत यायचा.

आमची मिल जुनी, आणि रात्रीतून एकदा तरी तिचा घसा बसायचाच. कॅरियर म्हणजे ऊस मिलकडे वाहून नेणारा लोखंडी पट्ट्यांचा रस्ता. त्याच्यावर पाती गरगरत असतात, ती उसाचे तुकडे करतात. ऊस जास्त कोंबला गेला की सगळं अडकून बसे. मग मिल बंद करायची, माणसांनी हातात आकडे घेऊन खाली कॅरियरमध्ये उतरायचं आणि अडकलेला ऊस ओढून काढायचा. ते काम आटोपलं की मिल सुरू करण्याआधी चहा. हा तात्यांचा नियम, आणि तो कुणासाठी मोडायचा नाही.

नियमाला सरंजाम होता. मचाणावर एक फळी, फळीवर स्टीलचे गिलास ओळीनं पालथे. निमगाव केतकीच्या बाजारातल्या भांडीवाल्याकडून प्रत्येक गिलासावर नाव कोरून आणलेलं. लग्नाच्या भांड्यांवर कोरतात तसं, टिंबाटिंबांनी. ज्यानं त्यानं आपलाच गिलास उचलायचा, चहा प्यायचा आणि गिलास खालच्या बादलीत टाकायचा. त्याआधी तात्या कठड्यावरून वाकून खाली कॅरियरच्या खड्ड्यात तोंड घालून ओरडायचे, "वर या रंऽऽ! च्या निवतोय!" बंद मिलच्या त्या शांततेत ती हाक पार बॉयलरपर्यंत जायची. एकेक जण वर यायचा, प्यायचा, बादलीत गिलास टाकायचा. फळी रिकामी झाली की तात्या टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोड्यानं टोला द्यायचे. तो टोला ऐकल्यावर खालचा माणूस बटण दाबायचा. फळीवर एक जरी गिलास पालथा असला तरी टोला नाही. मग साहेब फोनवर कितीही बोंबलोत.

मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तात्यांनी मला पाहुण्यांसाठी ठेवलेला बिननावाचा गिलास भरून दिला. मी तो घेऊन सरळ प्रयोगशाळेत आलो, खुर्चीवर बसून निवांत प्यावा म्हणून. दोन घोट घेतले नसतील तोच दार लाथेनं उघडलं. तात्या आत आले, माझी कॉलर धरली, भिंतीला टेकवलं. टेबलावरच्या दोन काचेच्या नळ्या खाली पडून फुटल्या.

"गिलास हितं कशाला आणला?"

"तात्या, चहा प्यायला…"

"च्या तितंच प्यायचा. गिलास मचाणावरनं हलायचा न्हाय. पुन्यांदा हलला तर साहेब म्हणून बघणार न्हाय."

चहा माझ्या शर्टावर ओतून गिलास घेऊन गेले. मी तक्रार लिहायला बसलो आणि लिहिली नाही, कारण उद्या परत नमुना आणायला तिथंच जायचं होतं. पुढं महिन्याभरानं फळीवर एक नवा गिलास दिसला. त्यावर "केमिस्ट साहेब" असं कोरलेलं. तात्या दुसरीकडे बघत म्हणाले, "घ्या. तुमीबी आता मोजणीत." मला काय वाटलं हे सांगायला लाज वाटते, पण खरं सांगतो, छाती फुगली.

एकदा पाळीतल्या एकाचा निर्जळी उपास होता. तो म्हणाला, तात्या, आज पाणीसुद्धा नाही, मला सोडा. तात्यांनी त्याला एक ठेवून दिली. मग त्याचा गिलास भरला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "पिऊ नगंस. वत तिकडं जिन्यावरनं. पर गिलास तुझ्या हातानं बादलीत टाक." त्यानं गाल चोळत तो फक्कड चहा ओतून दिला. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात म्हटलं, म्हातारा डोक्यावर पडलाय.

हेच तर सगळं होतं. हे असं का, हे तात्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलं की डोळे वटारायचे, पुन्हा विचारलं की हात उचलायचे. नियम त्यांनी कधी समजावला नाही, फक्त मारून बसवला. आम्ही तो पाळत होतो ते तात्यांच्या भीतीनं. फळीवरचा पालथा गिलास म्हणजे एक माणूस अजून खाली, मिलच्या तोंडात आहे, ही साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात धड शिरली नव्हती. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला आपल्या चहाचा फार अभिमान आहे.

पाळीत पोपट म्हणून एक जण होता, निमगाव केतकीचा. कामाला चांगला, पण झोपेचा शत्रू नव्हे, मित्र. एका रात्री तो चहा पिऊन बगॅसच्या, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चोथ्याच्या, ढिगावर जाऊन झोपला. तात्यांनी त्याला पायाला धरून ओढत आणलं, तुडवलं, आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून त्याचा गिलास रुळाखालच्या लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हातोड्यानं चेचला. पार चपटा करून त्याच्या अंगावर फेकला. "आजपासनं तुझा च्या बंद. पुढच्या बाजारापतोर तोंड दाखवू नगंस मचाणावर." पोपट तो चपटा गिलास उचलून गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते माराचं नव्हतं, सगळ्यांदेखत फळीवरून नाव गेलं त्याचं होतं. बायकोच्या भावाला त्यानं तो गिलास मोठ्या कौतुकानं दाखवला होता.

मग, पुढचा बाजार यायच्या आधीच, ती रात्र आली. थंडी अशी की लोखंडाला हात लावला तर चटका बसल्यासारखं व्हावं. मिल पुन्हा पुन्हा अडकत होती. वरून साहेबांचा फोन थांबत नव्हता. तात्या संध्याकाळपासून शिव्या देऊन देऊन घोगरे झाले होते. शेवटच्या वेळी कॅरियर मोकळं झालं, चहा उकळला, माणसं वर आली. तात्यांनी कठड्यावरून हाक मारायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. त्यांनी हात झटकला आणि फळीकडे बघत उभे राहिले.

फळीवर एकच गिलास उरला होता. त्यावर नाव होतं सुदाम. सुदाम त्या पाळीतला सगळ्यांत गुणी माणूस, दोन लेकरांचा बाप, तात्यांचा मार कधी न खाल्लेला एकटाच. तेवढ्यात फोन वाजला आणि तात्या साहेबांशी भांडायला तिकडं वळले. पोपट जिन्याच्या वरच्या पायरीवर कुडकुडत उभा होता. सगळ्यांच्या हातांतून वाफ निघतेय आणि आपल्याला मात्र नाही. त्याला वाटलं, सुदामचा चहा निवून चाललाय, तो काय आपला मित्रच आहे, रागावायचा नाही. त्यानं सुदामचा गिलास उचलला, भरला, तिथंच घटाघट प्याला आणि शहाण्यासारखा बादलीत टाकला.

तात्या फोन आपटून वळले. फळी रिकामी होती. त्यांनी टोला दिला.

मी तेव्हा माझा चहा पिऊन, नमुन्याची बाटली घेऊन जिन्याखाली उतरलो होतो. कॅरियर हललं, हातभरसुद्धा सरकलं नसेल, आणि खालून जो आवाज आला तो माणसाचा आहे हे मला आधी कळलंच नाही. सुदामचा आकडा पट्ट्यांत अडकून राहिला होता, तो काढायला तो परत वाकला होता. खालच्या माणसानं मिल बंद केली आणि तात्यांनी मचाणावरून थेट खड्ड्यात उडी मारली. स्वतःचा घोटा मोडला, तरी त्यांनी सुदामला ओढून काढलं. अंगातला सदरा फाडून त्याचा दंड आवळला. दंडाच्या खाली बांधायला काही उरलं नव्हतं. मला आठवतं ते रक्त आणि त्या रक्तात चिकटलेला उसाचा चोथा. त्यावर अजून जास्त लिहिणार नाही.

सुदामला गाडीत घालून इंदापूरला नेलं. गाडी गेल्यावर तात्या लंगडत मचाणावर आले, बादली पालथी केली आणि गिलास चिवडू लागले. सुदामच्या नावाचा गिलास सापडला. आतून चहानं ओला होता. त्यांनी वर बघितलं, आणि पोपटच्या तोंडावरूनच त्यांना सगळं कळलं. त्यांनी पोपटची मान धरली आणि त्याचं तोंड वाफेच्या पाइपासमोर दाबलं. दुसरा हात कॉकवर. आम्ही चार-पाच जण त्यांना लोंबकळलो, पण तो माणूस हलेना. आज हा पोपटला जिता भाजणार हे मला दिसत होतं. आणि पोपट त्या अवस्थेत, चिरडलेल्या आवाजात एवढंच म्हणाला, "तात्या, माझा गिलास कुठं हुता?"

तात्यांचा हात कॉकवरून खाली आला. ते मटकन खाली बसले. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत त्यांनी कुणावर हात उचलल्याचं मी पाहिलं नाही.

त्याच पहाटे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, का ते. ते स्वतः मदतनीस म्हणून लागले तेव्हाच्या मेस्त्रीनं असाच न बघता टोला दिला होता. खाली राहिलेला माणूस तात्यांच्या गावचा. त्याला तुकड्यांनी वर काढायचं काम तात्यांच्या वाट्याला आलं होतं. तेव्हापासून गिलास, फळी, हाक. मी म्हटलं, "तात्या, हे तुम्ही पोरांना सांगायचं होतं हो!" ते म्हणाले, "मला वाटलं, हाणलं म्हंजे ध्यानात ऱ्हातं."

चौकशी झाली. तात्यांनी एकच वाक्य सांगितलं, "टोला मी दिला." पोपटचं नाव घेतलं नाही. काही महिने घरी बसले, मग परत कामावर आले. पोपटला नवा गिलास कोरून आणला. आता ते प्रत्येक नव्या माणसाला कठड्याशी नेऊन खालचा खड्डा दाखवत आणि हळू आवाजात सगळं समजावत. माणसं नीट ऐकायची. पण ते जवळ आले की जुनी मंडळी अजूनही अंग चोरायची, आणि ते त्यांना दिसत असे.

सुदामचा गिलास घेऊन ते दवाखान्यात गेले होते, थर्मासमध्ये चहा भरून. सुदामनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्या बायकोनं थर्मास खिडकीतून बाहेर फेकला. गिलास तेवढा तिथं राहिला. पुढं सुदामला गेटवर बसायचं काम मिळालं. तात्या रोज रात्री गेटमधून आत येताना थांबत, "सुदामा, च्याला ये रं वर," म्हणत. सुदाम त्यांच्याकडे न बघता नोंद करायचा, डाव्या हातानं, वेडंवाकडं.

तात्यांच्या नोकरीची शेवटची रात्र. मिल अडकली, मोकळी झाली, चहा उकळला. तात्यांनी खाली वाकून हाक मारली, सगळे वर आले, प्याले, फळी रिकामी झाली. तात्यांनी हातोडा उचलला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि सुदाम वर आला. उजवी बाही खिशात खोचलेली, डाव्या हातात आपल्या नावाचा गिलास. पोपट माझ्यामागं सरकला.

सुदामनं गिलास पुढं केला. "वता."

तात्यांनी ओतला. निम्मा चहा गिलासाबाहेर गेला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं त्याला आनंदच म्हणावं लागेल. सुदामनं गिलासाकडे बघितलं आणि तो कढत चहा तात्यांच्या छातीवर फेकला. सदऱ्यातून वाफ निघाली. तात्यांनी सदरासुद्धा अंगापासून दूर धरला नाही.

मग सुदाम फळीकडे गेला आणि आपला गिलास तिच्यावर पालथा ठेवला. नाव पुढं येईल असा नीट फिरवून ठेवला.

"मी अजून खालीच हाय, तात्या," तो म्हणाला. "आता द्या टोला."

आणि जिना उतरून गेला.

फोन वाजू लागला. वाजून वाजून बंद पडला, परत वाजू लागला. तात्या हातोडा धरून फळीसमोर उभे होते. छातीवर लाल चट्टा चढत होता. आम्ही म्हणालो, तात्या, बसा, आम्ही देतो टोला. त्यांनी मान हलवली. हातोडा खाली ठेवला, लंगडत कठड्याशी गेले, दोन्ही हातांनी तो धरून वाकले आणि त्या रिकाम्या खड्ड्यात, होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडले.

"सुदामाऽऽ! वर ये रंऽऽ! च्या निवतोय!"

जिन्याच्या तळाशी पोचलेला सुदाम थांबला. मला वरून त्याची पाठ दिसत होती. तो वळला नाही. मग तसाच गेटकडे चालू लागला. तात्या मात्र खड्ड्याकडेच बघत वाकून राहिले आणि पुन्हा हाक मारू लागले.

त्या रात्री मिल सुरू झाली नाही. सकाळी पहिली पाळी आल्यावर दुसऱ्या मेस्त्रीनं टोला दिला, तोवर तात्या कठड्याशीच होते.